नगरपरिषदेच्या सभेत आपला विषय कसा न्यायचा: विषयपत्रिकेपासून ठरावाच्या नकलेपर्यंत

सर्वसाधारण सभेच्या दिवशी निवेदन घेऊन नगरपरिषदेच्या दारात उभे राहणारे नागरिक बहुतेक वेळा उशिरा आलेले असतात. त्या दिवशी सभागृहात काय होणार याचे कागद आठ-पंधरा दिवस आधीच तयार झालेले असतात. कोणता विषय घ्यायचा, त्यावर कार्यालयाची टिप्पणी काय, खर्च कुठल्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या बाबीतून), हे सगळे सभासूचना निघण्यापूर्वी ठरते. सभेत त्यावर चर्चा होते, क्वचित उपसूचना येते आणि ठराव होतो. म्हणून विषय पुढे न्यायचा असेल तर सभेच्या तारखेपासून मागे मोजत या आणि कागद कुठल्या टेबलावर असताना त्याला हात घालायचा ते ओळखा.

इथे दिलेली माहिती महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना धरून आहे. त्यांचा कारभार १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमावर चालतो. महानगरपालिकांचा कायदा वेगळा, १९४९ चा; मुंबईचा त्याहून वेगळा, १८८८ चा. जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे तो सांगितला आहे.

सभा कधी, किती दिवसांच्या सूचनेने

नगरपरिषदेची साधारण सभा दर दोन महिन्यांतून एकदा झालीच पाहिजे. महानगरपालिकेची सर्वसाधारण सभा दर महिन्याला होते. सभा बोलावण्याचे काम नगराध्यक्षांचे. नियमित सभेसाठी सदस्यांना सात पूर्ण दिवसांची सूचना द्यावी लागते, विशेष सभेसाठी तीन पूर्ण दिवसांची.

'पूर्ण दिवस' या शब्दांत पुष्कळ काही आहे. सूचना बजावल्याचा दिवस मोजायचा नाही आणि सभेचा दिवसही मोजायचा नाही. १ तारखेला सूचना हातात पडली तर २ ते ८ हे सात पूर्ण दिवस होतात आणि सभा लवकरात लवकर ९ तारखेला घेता येते. विशेष सभा असेल तर ५ तारखेला. एका दिवसाने चुकलेली सूचना ही छोटी तांत्रिक बाब वाटते, पण पुढे ठरावाला आव्हान मिळाले की वकील पहिला कागद मागतो तो सूचना बजावल्याच्या पोचपावतीचा.

सूचनेत वेळ, जागा आणि कामकाज या तिन्ही गोष्टी असाव्या लागतात. ती नगरपरिषदेच्या सूचना फलकावरही लावायची असते. तो फलक सगळ्यांसाठी आहे, तिथे जाऊन वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. मागच्या सभेची तारीख माहीत असेल तर त्यापुढे सहा आठवडे झाल्यावर आठवड्यातून दोनदा फलकाकडे चक्कर मारा. विषयपत्रिका दिसली की मोबाइलवर तिचा फोटो घ्या. जावक क्रमांक आणि दिनांक फोटोत आले पाहिजेत.

नगराध्यक्ष एखादा विषय घ्यायलाच तयार नसतील तर कायद्याने एक वाट ठेवली आहे. एकूण सदस्यांपैकी किमान एकचतुर्थांश सदस्यांनी लेखी मागणी केली की विशेष सभा बोलवावीच लागते, आणि तीही मागणी दिल्यापासून १५ दिवसांच्या आत. एकचतुर्थांशाचा अपूर्णांक निघाला तर वरचा आकडा धरावा: २१ सदस्य असतील तर ६ सह्या. मागणीपत्रात विषय नेमका लिहा. 'शहरातील विविध समस्यांवर चर्चा' असे लिहिले की सभा होते, चर्चाही होते आणि हातात काहीच राहत नाही.

विषयपत्रिका वाचायला शिका

पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्यानंतर क्रमाने विषय येतात आणि अगदी शेवटी एक ओळ असते, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'.

विषयाच्या वाक्याचा शेवट आधी वाचा. 'विचारविनिमय करून निर्णय घेणे' असेल तर ठराव होणार आहे. 'अवलोकनार्थ' असेल तर कागद फक्त सभेला दाखवला जाणार, त्यावर निर्णय अपेक्षित नाही. 'कार्योत्तर मंजुरी' दिसली तर काम किंवा खर्च आधीच झालेला आहे आणि सभेची मान्यता मागाहून मागितली जात आहे. पाण्याची मुख्य जलवाहिनी फुटली आणि रात्रीत दुरुस्त करावी लागली, अशा वेळी कार्योत्तर मंजुरी योग्यच. पण सहा महिने रखडत चाललेल्या कामाला ती मागितली जात असेल तर तात्काळ करण्याची गरज कधी आणि कोणी नोंदवली, हा प्रश्न सदस्याने विचारायलाच हवा. महानगरपालिकेत तातडीच्या कामांसाठी आयुक्तांना कलम ६७ (३) (क) खाली अधिकार आहेत. विषयपत्रिकेत हा आकडा दिसला की तोच प्रश्न तिथेही लागू होतो.

'त्याबाबतचे सर्व अधिकार मा. अध्यक्षांना देणे' ही ओळ दिसली तर थांबा. याचा अर्थ पुढचा तपशील सभेपुढे परत येणार नाही. कधी ते सोयीचे असते. मात्र कुणाला, कोणत्या मर्यादेपर्यंत आणि किती रकमेपर्यंत अधिकार, हे ठरावात लिहून घेतले नाही तर नंतर भांडायला आधार उरत नाही.

ऐनवेळच्या विषयांबद्दल स्पष्टच सांगायला हवे: सभेच्या कामकाजातली सगळ्यात घातक सवय हीच. सूचनेत कामकाज लिहिण्याची सक्ती अशासाठी आहे की सदस्याला अभ्यास करता यावा आणि गावाला कळावे. ऐनवेळी आलेल्या विषयाची टिप्पणी कोणी वाचलेली नसते आणि फलकावर तो नसतो. ज्यांचे त्यात नुकसान आहे त्यांना बातमी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळते. शोकप्रस्ताव, अभिनंदन किंवा खरोखर कालच उद्भवलेली आपत्ती, एवढ्यापुरतेच ते दार उघडे असावे. भूखंड, भाडेपट्टा, आरक्षण, निविदा किंवा करवाढ ऐनवेळी आली तर जागरूक सदस्याने 'हा विषय पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा' एवढेच म्हणावे, आणि ऐकले नाही तर आपला विरोध इतिवृत्तात नावानिशी नोंदवून घ्यावा.

प्रत्येक विषयामागे कार्यालयाची टिप्पणी असते. विषयपत्रिका दीड ओळीची असते. खरा मजकूर टिप्पणीत सापडतो. सदस्यांना ती मिळते. नागरिकाने आपल्या प्रभागाच्या सदस्याकडे टिप्पणी वाचायला मागावी. हे मागणे अगदी साधे आहे आणि बहुतेक सदस्य नाही म्हणत नाहीत.

निवेदन: काय लिहायचे, कोणाला, कधी

निवेदन सभेच्या अंदाजित तारखेच्या किमान चार आठवडे आधी गेले पाहिजे. अभियंत्याला जागा पाहायला आणि कामाच्या खर्चाचे अंदाजपत्रक करायला वेळ लागतो, आणि टिप्पणीशिवाय विषय सभेपुढे येत नाही. नवीन कामासाठी पैसे हवे असतील तर आणखी मागे जा. नगरपरिषदेचे पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक (बजेट) हिवाळ्यात आकार घेते आणि फेब्रुवारीच्या सुमाराला सभेपुढे येते, त्यामुळे मोठ्या कामाचे निवेदन दिवाळीच्या आगेमागे दिलेले बरे. मार्चमध्ये दिलेल्या निवेदनाला 'तरतूद नाही' हे उत्तर जवळजवळ ठरलेले असते, आणि ते खोटे नसते.

पत्र मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहा. प्रत नगराध्यक्षांना आणि प्रभागाच्या सदस्यांना द्या. आवक-जावक टेबलावर देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि दिनांक घ्या. साहेबांच्या हातात थेट दिलेले पत्र आपुलकीचे वाटते खरे, पण आवक नोंद नसलेला कागद कार्यालयाच्या लेखी अस्तित्वातच नसतो.

मजकूर एका पानात बसवा. एका पत्रात एकच विषय. नमुना असा:

'विषय: प्रभाग क्र. … मधील … चौक ते … शाळा या रस्त्यालगत पावसाळी गटार बांधण्याचा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याबाबत.

महोदय, वरील रस्त्याची लांबी सुमारे १८० मीटर असून पूर्व बाजूस गटार नाही. पावसाचे पाणी रस्त्यावरून वाहून … क्रमांकाच्या गल्लीतील घरांत शिरते. गेल्या पावसाळ्यातील दिनांकासह छायाचित्रे सोबत जोडली आहेत. सदर ठिकाणी बांधकाम विभागामार्फत पाहणी करून अंदाजपत्रकासह विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती. पाहणीच्या वेळी आम्ही हजर राहू. कृपया दिनांक कळवावा.'

शेवटच्या वाक्याला महत्त्व आहे. पाहणीला रहिवासी हजर असले की पाणी नेमके कुठून येते आणि कुठे तुंबते ते अभियंत्याला दाखवता येते. नाहीतर गटार बांधले जाते आणि त्याचा उतार नाल्याच्या उलट दिशेला निघतो.

पत्र देण्यापूर्वी एक खातरजमा जरूर करा: रस्ता कोणाचा आहे? शहरातून जाणारे कित्येक रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे असतात, काही राष्ट्रीय महामार्गाचे असतात आणि खासगी रेखांकनातले काही रस्ते नगरपरिषदेकडे हस्तांतरितच झालेले नसतात. ज्या जागेवर नगरपरिषदेचा ताबा नाही तिथे सभेने एकमताने ठराव केला तरी काम सुरू होत नाही. आधी ना हरकत किंवा हस्तांतरण लागते. ही एक गोष्ट न पाहिल्यामुळे अनेक चांगले ठराव वर्षानुवर्षे फायलीत पडून आहेत.

सह्या किती? पन्नास सह्यांचे निवेदन हे एका सहीच्या निवेदनापेक्षा जड असतेच. पण सहीसमोर घराचा पत्ता नसेल तर त्यातले किती जण बाधित रस्त्यावर राहतात हे कळत नाही. वीसच सह्या असतील, पण त्या गल्लीतल्या वीस घरांच्या असतील, तर ते निवेदन अधिक भारी.

सभागृहात

सभा लोकांसाठी खुली असते. नगरपरिषदेत सहसा मागच्या बाकांवर बसायला मिळते. महानगरपालिकेत प्रेक्षक गॅलरीसाठी नगरसचिव कार्यालयातून प्रवेशपत्र घ्यावे लागते, त्यासाठी ओळखपत्र सोबत ठेवा. बंद दाराआड सभा घ्यायची तर त्यासाठी सभेत तसा निर्णय व्हावा लागतो आणि त्याची नोंद व्हावी लागते. शिपायाने दारात अडवले म्हणून ती गुप्त सभा होत नाही. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा मुख्याधिकाऱ्यांकडे दोन ओळींचा लेखी अर्ज देऊन प्रवेश मागा. चित्रीकरण करायचे असेल तर आदल्या दिवशीच लेखी परवानगी मागावी.

आता मुख्य गोष्ट. प्रेक्षकाला सभेत बोलण्याचा हक्क नाही. काही देशांत नागरिकांना माइकवर दोन-तीन मिनिटे देतात, तशी सोय आपल्या कायद्यात नाही. गॅलरीतून घोषणा दिली तर पीठासीन अधिकारी बाहेर काढू शकतात. तुमचे म्हणणे सदस्याच्या तोंडून जाते, म्हणून सभेच्या दोन दिवस आधी सदस्याला एका कागदावर पाच मुद्दे लिहून द्या: लांबी, जागा, नुकसान, आधीच्या पत्रांचे आवक क्रमांक आणि ठरावात हवे असलेले नेमके वाक्य. हे शेवटचे कोणी देत नाही, आणि तेच सर्वांत उपयोगी पडते.

कामकाज असे चालते. आधी गणपूर्ती, म्हणजे सभेसाठी लागणारी किमान हजेरी, पाहतात. महानगरपालिकेत एकूण सदस्यांच्या एकतृतीयांश सदस्य हजर असावे लागतात. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब होते. नगरपरिषदेत याच कारणाने तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तेच विषय गणपूर्ती नसली तरी निकाली काढता येतात. ही बारीक तरतूद सदस्यांनी लक्षात ठेवावी. विरोध म्हणून सभेला न जाणे हा डाव उलटा पडू शकतो: तहकूब सभेत मोजके लोक सगळे विषय मंजूर करून मोकळे होतात.

विषय पुकारला की एक सदस्य सूचना मांडतो, तो सूचक. दुसरा पाठिंबा देतो, तो अनुमोदक. मूळ सूचनेत बदल हवा असेल तर उपसूचना मांडतात आणि आधी तिच्यावर मत घेतले जाते. उपसूचना लेखी द्यावी. तोंडी मांडलेली उपसूचना इतिवृत्तात उतरते तेव्हा तिचे शब्द बदललेले असतात, आणि त्यात नेहमीच वाईट हेतू असतो असे नाही. गोंगाटात लिहून घेणाऱ्या कर्मचाऱ्याला निम्मे ऐकूच येत नाही. नियमभंग होत असेल तर सदस्य हरकतीचा मुद्दा घेतो आणि त्यावर अध्यक्षांचा निर्णय लागतो.

मते हजर सदस्यांच्या बहुमताने मोजतात. समसमान झाली तर अध्यक्षांचे निर्णायक मत असते. स्वीकृत (निवडून न येता नेमलेल्या) सदस्याला बोलता येते, मत देता येत नाही. ज्या सदस्याचा विषयात आर्थिक हितसंबंध आहे, म्हणजे ठेका त्याच्या घरातला आहे किंवा भूखंड त्याचा आहे, त्याने चर्चेत आणि मतदानात भाग घ्यायचा नसतो. सध्याच्या तरतुदीनुसार नगराध्यक्ष थेट मतदारांतून निवडले जातात, त्यामुळे खुर्ची एका बाजूची आणि बहुमत दुसऱ्या बाजूचे असे घडू शकते. अशा गावात नुसत्या नगराध्यक्षांच्या शब्दावर विसंबू नका. दोन्ही गटांतला एकेक सदस्य, एक सूचक आणि एक अनुमोदक म्हणून मिळाला तर ठराव टिकतो.

आवाजी मतदानात विरोध हरवून जातो. ज्या सदस्याला विरोध नोंदवायचा आहे त्याने मतदान मागावे आणि बाजूने, विरोधात व तटस्थ अशी नावे इतिवृत्तात घ्यायला लावावीत.

ठरावाचा मजकूर

सभेत जे बोलले गेले त्यातून काम होत नाही. काम होते ते ठरावात लिहिलेल्या शब्दांतून. खालील दोन मसुदे शेजारी ठेवून पाहा.

पहिला: 'प्रभाग क्र. … मधील गटारीचा प्रश्न गंभीर असल्याने त्याबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी.'

दुसरा: '… चौक ते … शाळा या १८० मीटर रस्त्याच्या पूर्व बाजूस पावसाळी गटार बांधण्याच्या कामास व त्यासाठीच्या रुपये … इतक्या अंदाजित खर्चास मान्यता देण्यात येत आहे. खर्च सन … च्या अंदाजपत्रकातील गटार बांधकाम या लेखाशीर्षातून भागवावा. निविदा प्रक्रिया मुख्याधिकारी यांनी राबवावी व प्रगतीचा अहवाल पुढील साधारण सभेपुढे ठेवावा.'

पहिल्या ठरावाने कोणावरही काही बंधन येत नाही. 'योग्य ती कार्यवाही' म्हणजे एक पत्र पाठवणेसुद्धा असू शकते. दुसऱ्यात जागा, लांबी, रक्कम, पैशाचा मार्ग, जबाबदार अधिकारी आणि परत विचारण्याची तारीख, सगळे आहे. 'तरतूद उपलब्ध झाल्यानंतर' हे शब्द घुसले असतील तर ते कामाचे आश्वासन नव्हे, रांगेतला नंबर आहे. तो घेऊन पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी पुन्हा जावे लागेल.

इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होते. तोवर महिना ते दोन महिने जातात. मधल्या काळात मजकूर बदलल्याच्या तक्रारी होतात, म्हणून आपल्या सदस्याला पुढच्या सभेत पहिल्याच विषयाला सावध राहायला सांगा. इतिवृत्त कायम करताना 'जे ठरले ते बरोबर लिहिले आहे का' एवढ्यावरच हरकत घेता येते. निर्णय चूक होता, हा मुद्दा तिथे चालत नाही.

नक्कल मिळवणे

आधी साधा अर्ज करा: 'दिनांक … च्या सभेतील विषय क्र. … वरील ठरावाची प्रमाणित प्रत मिळावी.' बऱ्याच ठिकाणी शुल्क भरून तेवढ्यावर काम होते. नाही झाले तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास किंवा पटले नाही तर ३० दिवसांत प्रथम अपील, त्याला २० रुपयांचे तिकीट.

'का' असे विचारू नका, कागद मागा. 'गटार का बांधले नाही?' याला माहिती अधिकारी 'प्रश्नार्थक माहिती' म्हणून परत पाठवू शकतो. 'विषय क्र. … ची टिप्पणी, ठराव, प्रशासकीय मान्यता, निविदा सूचना आणि कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) यांच्या प्रती' याला तसे करता येत नाही.

वेळ कमी असेल तर कागद जाऊन पाहा. राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार महानगरपालिका, नगरपालिका आणि जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहण्याची सोय ठेवायची आहे. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. जाड फाइलमधला नेमका कोणता कागद हवा ते इथे पाहून मग तेवढ्याच्या प्रती मागितल्या तर पैसे आणि महिना दोन्ही वाचतात.

ठराव झाला, पुढे काय

पुढची साखळी अशी: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, सर्वांत कमी दराची स्वीकृती, करारनामा, कार्यादेश, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, देयक. काम कुठे अडले हे विचारताना या शब्दांत विचारा. 'काम कधी होणार?' याला 'लवकरच' हे उत्तर मिळते. 'तांत्रिक मान्यता कोणत्या तारखेला मागितली?' याला तारीख द्यावी लागते. आचारसंहिता लागली की नवे कार्यादेश थांबतात, म्हणून निवडणुकीच्या वर्षात कार्यादेशाची तारीख सर्वांत महत्त्वाची.

ठराव बेकायदेशीर किंवा लोकांना अपायकारक वाटत असेल तर नगरपरिषदेच्या बाबतीत कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी रोखू शकतात. महानगरपालिकेच्या ठरावांसाठी कलम ४५१ आहे आणि तो अधिकार राज्य शासनाकडे, म्हणजे नगरविकास विभागाकडे जातो. कार्यालयीन भाषेत ठराव रद्द करण्याला विखंडित करणे म्हणतात. अर्जात ठरावाची प्रमाणित प्रत, सभासूचना आणि कायद्याचा कोणता भंग झाला तो मुद्दा हवा. 'आमच्यावर अन्याय झाला' एवढ्यावर काही होत नाही. आणि हे लगेच करावे. कार्यादेश निघून अर्धे काम झाल्यावर स्थगिती मिळणे अवघड जाते.

जिथे बोलण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे

सभेत बोलता येत नसले तरी हरकती-सूचनांच्या प्रक्रियेत तुमचे म्हणणे नोंदवून घेणे बंधनकारक असते, आणि या संधी लोक जाहिरात न वाचल्यामुळे गमावतात. विकास आराखड्याचा प्रारूप प्रसिद्ध झाला की बहुतेक शहरांत ३० दिवस मिळतात, नंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असेल, म्हणजे बागेचे आरक्षण हलवणे वगैरे, तर प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि महिनाभर हरकती घेतात. झाडतोडीच्या प्रस्तावाची सूचना वर्तमानपत्रात आणि झाडावरही लावायची असते. तिथे मुदत अगदी थोडी, साधारण सात दिवस. घरपट्टीच्या फेरआकारणीतही हरकत घेता येते. हरकत लेखी, मुदतीत, पोच घेऊन आणि 'सुनावणीस हजर राहायचे आहे' असे लिहून द्या. हे वाक्य नसेल तर सुनावणीचे पत्र येईलच असे नाही.

महानगरपालिकेच्या शहरात प्रभाग समिती हे आणखी जवळचे व्यासपीठ. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ ध नेच सांगितल्या आहेत, आणि महाराष्ट्रात त्यांवर स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी घेता येतात. रस्त्यावरचा दिवा, कचराकुंडी, तुंबलेले चेंबर हे विषय सर्वसाधारण सभेपर्यंत नेऊच नयेत, ते इथे लवकर सुटतात. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याची पद्धत आहे. अशी सोय तुमच्या शहरात असेल तर तिचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात पावसाळ्याच्या शेवटी मागायला लागा.

तक्रार वैयक्तिक असेल, म्हणजे तुमचीच नळजोडणी किंवा तुमचाच दाखला, तर सभेची वाट पाहू नका. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्यासाठी विहित नमुन्यातला अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. सार्वजनिक स्वरूपाच्या मागण्या तिथे घेत नाहीत, न्यायप्रविष्ट बाबीही नाहीत.

प्रशासक असताना

सदस्यांची मुदत संपून निवडणूक झाली नाही की प्रशासक बसतो आणि सभेचे अधिकार त्याच्याकडे जातात. २०२२ पासून राज्यातल्या कितीतरी शहरांनी हा काळ वर्षानुवर्षे अनुभवला. अशा वेळी विषयपत्रिका फलकावर येत नाही, सूचक-अनुमोदक नसतात, चर्चा होत नाही. अधिकारीच प्रस्ताव ठेवतो आणि प्रशासक म्हणून अधिकारीच मंजूर करतो. ठराव मात्र होतात, त्यांना क्रमांक असतात आणि त्यांची नोंदवही असते. म्हणून दर महिन्याला 'दिनांक … ते … या काळातील प्रशासकीय ठरावांची यादी' मागणारा एक अर्ज देत राहा, आणि यादीतला जो ठराव आपल्या भागाचा दिसेल त्याची फाइल पुढच्या सोमवारी जाऊन पाहा. निवडणूक होऊन नवे सभागृह आले की या काळातले ठराव हाताशी ठेवून सदस्याकडे जा. अंमलबजावणी न झालेल्या ठरावाचा फेरविचार नव्या सभेपुढे मागता येतो, आणि त्यासाठी ठराव क्रमांक तुमच्या वहीत आधीच लिहिलेला असेल.